आठ वाजताची नोंद

(न्हाणीघराच्या उघड्या दाराशी तिघं : पुस्तकबांधणी करणारा बाइंडर, हवामान खात्यात काम करणारी त्याची बायको, जिला सगळी गल्ली हवामानबाई म्हणते, आणि खांद्यावर टॉवेल टाकलेली त्याची थोरली बहीण, आक्का. आत बादलीशेजारी पामच्या चार कुंड्या, भिंतीवर दोन थर्मामीटर, एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळलेली.)

हवामानबाई : ते कळलं. पण आठ वाजता काय होतं, ते सांगा.

बाइंडर : काय होणार? आठ वाजतात.

हवामानबाई : वही तुमची, अक्षर तुमचं. सकाळी सहाला साधा पारा बावीसवर, ओल्या चिंधीचा सतरावर. मध्ये पाच अंश. दुपारी दोनलाही तेवढेच. म्हणजे हवा जेमतेम दमट. आणि या दोन्हींच्या मध्ये, आठ वाजता, दोन्ही पारे एकमेकांच्या गळ्यात पडलेले. चोवीस आणि साडेतेवीस. पहिले पंधरा दिवस सोडले तर रोज.

बाइंडर : पारे जवळ आले म्हणजे हवा दमट. पामना दमट हवा लागते. जाताना तूच सांगून गेलीस.

हवामानबाई : लागते. म्हणून तर कुंड्यांखाली पाण्याची ताटं ठेवा, ताटात खडे घाला, पानांवर फवारा मारा, एवढं सगळं सांगितलं. त्यानं एवढी वाफ होत नाही. एवढी वाफ एकाच गोष्टीनं होते. दार लावून, कढत पाण्यानं आंघोळ.

आक्का : थांबा, मी स्टूल आणते. ही उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही.

बाइंडर : आक्का, तू आत जा बघू.

आक्का : घरात न्हाणीघर एक. अकरा वाजले, माझ्या आंघोळीची वेळ. याच्या आणखी आत कुठं जाऊ?

हवामानबाई : असू देत त्या. साक्षीदार लागेल. आक्कांची आंघोळ अकराला. तुमची साडेपाचला, आणि तीही गार पाण्यानं, लग्नापासून बघतेय. मग साडेसात ते आठ इथं कोण असतं?

बाइंडर : हे चौघं.

हवामानबाई : हे आंघोळ करत नाहीत.

आक्का : माझी मात्र बघतात. पहिल्यांदा संकोच वाटायचा, आता पाठही करत नाही मी त्यांच्याकडं.

हवामानबाई : आणि रविवार.

बाइंडर : रविवारचं काय?

हवामानबाई : सहा महिन्यांत सव्वीस रविवार. सकाळपासून बसून मोजले. सव्वीसच्या सव्वीस कोरडे. आठ वाजताही तेच पाच अंश. म्हणजे जे कोणी येतं, ते रविवारी येत नाही.

आक्का : रविवारी सुट्टी असेल तिला.

बाइंडर : आक्का.

आक्का : मी आपलं नुसतं म्हटलं.

बाइंडर : सहा महिन्यांनी दोन दिवसांसाठी घरी आलीस, आणि वह्या तपासत बसलीस. हे तुझं केंद्र नाही. इथं वरून साहेब येत नाहीत बघायला.

हवामानबाई : वह्या तपासणं हेच येतं मला. एखाद्या केंद्रावरची नोंद रोज एकाच वेळी उसळली, तर आम्ही म्हणतो, तिथं कोणीतरी चूल पेटवतंय. आणि चूल सापडतेच.

बाइंडर : मला लपवायचं असतं तर लिहिलं असतं का? सरळ पाच अंश ठोकून दिले असते. तूच म्हणाली होतीस, चुकीच्या नोंदीपेक्षा जागा कोरी ठेवा. एकही नोंद चुकीची नाही त्यात.

हवामानबाई : तेच तर. म्हणून विचारतेय.

आक्का : सांगून टाक रे. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं की त्यात मीठ-मसाला पडतो.

बाइंडर : सांगण्यासारखं काही नाही. पामचं काम आहे.

आक्का : तू गेल्यावर महिन्याभरात खालचा शिंपी जिन्यात भेटला. म्हणाला, वहिनी परत आल्या वाटतं, बरं झालं. मी विचारलं, कशावरून? तर आपला पाइप त्याच्या भिंतीतून जातो ना. म्हणाला, साडेसातला पाणी पडायला लागलं की मी दुकानाची कुलपं काढतो, मध्ये दोन आठवडे पाण्याचा आवाज बंद होता तेव्हा मला रोज उशीर झाला. आता पुन्हा सुरू आहे.

हवामानबाई : तुम्ही काय म्हणालात?

आक्का : म्हटलं, हो, असते येऊन-जाऊन.

हवामानबाई : आक्का.

आक्का : मग काय सांगू? वहिनी डोंगरावर आहे, आणि तिच्या नावानं माझा भाऊ नळ सोडतो?

बाइंडर : झालं समाधान?

हवामानबाई : माझ्या नावानं?

बाइंडर : नावाबिवानं नाही. तू गेलीस आणि पंधरा दिवसांत यांची टोकं करपायला लागली. माती तीच, खिडकी तीच, पाणी उकळून गार केलेलंच घालत होतो. खूप विचार केला, कमी काय झालं? तर एक आंघोळ कमी झाली होती घरातली. तू जी घेतेस तसली, आरसा दिसेनासा होईपर्यंत. मग सुरू केलं. साडेसातला गरम नळ सोडायचा, दार ओढून घ्यायचं. वीस मिनिटं.

हवामानबाई : मी पंधरा मिनिटं घेते.

बाइंडर : वीस.

आक्का : पंचवीस. पण चालू दे.

हवामानबाई : आणि तेवढा वेळ तुम्ही?

बाइंडर : बाहेर असतो. दाबयंत्रापाशी. काम करतो.

आक्का : काम करतो! चहा टाकतो. दोन कप. आतलं पाणी बंद झालं की तो दुसरा कप माझ्यापुढं सरकवतो. मला आठला चहा चालत नाही हे याला पन्नास वर्षं माहीत आहे. पण तोंड बघून पिते.

हवामानबाई : तुम्ही, आणि वाफ. ज्या माणसानं घरात साधा ओला टॉवेल वाळत घालू दिला नाही कधी. पुठ्ठे वाकतात, खळ सुकत नाही, कागद लाटा खातो. ही रोपं आणली तेव्हा म्हणाला होतात, एक तर यांनी राहावं नाहीतर माझ्या पुस्तकांनी.

बाइंडर : म्हणून तर न्हाणीघरात ठेवली.

हवामानबाई : आणि ही टोकं? कापलीत तुम्ही.

बाइंडर : कातरली. कागदाच्या कात्रीनं. हिरव्याला धक्का नाही लावला, करपलेल्याची एक रेघ ठेवून कातरायचं, नाहीतर पुन्हा आत करपत जातं. हे बघ, पानाच्या आकारावरच ठेवलंय. सांगितल्याशिवाय कळणार नाही.

हवामानबाई : मला कळू नये म्हणून?

बाइंडर : तू यायच्या आधी घर नीट करतातच माणसं.

हवामानबाई : रविवारचं राहिलं.

बाइंडर : रविवारी साडेसातला तुझा फोन येतो.

हवामानबाई : दहा मिनिटांचा.

बाइंडर : हो.

हवामानबाई : मग त्यानंतर नळ सोडता आला असता.

बाइंडर : आला असता. रविवारी गरज वाटत नाही.

हवामानबाई : पामना?

बाइंडर : पामना वाटत असेल. करपतात ती बहुतेक रविवारचीच.

आक्का : आता तू तो कागद दाखव त्याला. सकाळपासून पदराखाली धरल्यासारखा पर्समध्ये धरून बसलीयेस.

बाइंडर : मला माहीत आहे कागद. तीन रविवार तेच बोलतेय ती. केंद्राची प्रमुख, आणखी तीन वर्षं. सही करून उद्याच्या टपालानं गेला पाहिजे.

आक्का : आणि तू तिला काय म्हणालास?

बाइंडर : तुझं तू ठरव म्हणालो. त्यात काय चुकलं?

आक्का : तीनदा?

बाइंडर : तीनदा.

आक्का : तू जा तिच्याबरोबर. तिकडं हवा कोरडी, तुझ्या पुठ्ठ्यांना मानवेल. तिथंही माणसं पुस्तकं फाडतच असतील.

बाइंडर : आणि तू?

आक्का : मला डॉक्टरनं चढावर जायचं नाही सांगितलंय. मी इथं. हे चौघं आहेत सोबतीला, आंघोळीची लाज संपलेलीच आहे.

बाइंडर : मागच्या थंडीत श्वास अडकला तेव्हा पाठ कोणी शेकली? या चौघांनी?

आक्का : तेच म्हणते मी. माझ्यापायी अडकलायस.

बाइंडर : तुझ्यापायी कोणी अडकलेलं नाही. तो विषय नको.

हवामानबाई : आक्का, खरंच नाही. तुम्ही नसता तरी हे हलले नसते. ग्रंथालयाचं काम, ते दाबयंत्र, ही खिडकी. यांना इथून काढलं तर मुळं तुटतील.

आक्का : बरं. मी खाली शिंप्याकडं जाऊन बसते. एक ब्लाउज शिवायला टाकलाय, त्याच्या चुका काढेपर्यंत अर्धा तास सहज जाईल. तेवढ्यात काय ते उरका. मला आंघोळ करायची आहे.

बाइंडर : टॉवेल तरी ठेवून जा.

आक्का : राहू दे. त्याला वाटेल कापड आणलं.

हवामानबाई : बसा ना. ते स्टूल घ्या.

बाइंडर : तू बस. मी उंबऱ्यावर बसतो.

हवामानबाई : अकरा होती ना ही?

बाइंडर : अकरा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलीस. समुद्राकाठच्या त्या केंद्रावरून, जिथं दहा महिने पाऊस असतो म्हणायचीस. बोटाएवढी होती, आणि देठ मात्र तेव्हाच लाल. पहिल्या थंडीत चार गेली. मग दोन. एक मी पाणी जास्त घालून मारलं.

हवामानबाई : तुम्हाला सगळं लक्षात आहे.

बाइंडर : प्रत्येक वेळी वाटायचं, तिकडं राहिलं असतं तर जगलं असतं हे. तूही तिकडंच राहिली असतीस. तीन वर्षांची नेमणूक होती. चौथ्या महिन्यात मी ‘परत ये’ एवढ्या एका ओळीचं पत्र टाकलं, आणि तू या रोपांची पिशवी घेऊन दारात. मग सात वर्षं खात्यात बसून दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्यास. एकदा बोलून दाखवलं नाहीस. भांडली असतीस तर सोपं गेलं असतं.

हवामानबाई : म्हणून आता ‘तुझं तू ठरव’?

बाइंडर : मग काय. एकदा तोंड उघडलं तर सात वर्षं गेली तुझी. आता नाही उघडणार.

हवामानबाई : एक सांगू? ते पत्र आलं तेव्हा माझी पिशवी भरलेली होती.

बाइंडर : कसली पिशवी?

हवामानबाई : या रोपांचीच. दोन दिवस आधी काढली होती मी ती. राहवत नव्हतं. साहेबांना काय कारण सांगायचं तेवढं सुचत नव्हतं. तुमचं पत्र आलं, कारण मिळालं. साहेबांना सांगितलं, घरून बोलावणं आहे.

बाइंडर : हे आज सांगतेस?

हवामानबाई : तुम्ही कधी विचारलंत?

बाइंडर : सात वर्षं मी या कुंड्यांसमोर गुन्हेगारासारखा बसलोय.

हवामानबाई : मला वाटायचं, तुम्हाला त्या आवडायला लागल्या.

बाइंडर : आवडायलाही लागल्या. ते वेगळं.

हवामानबाई : तेव्हा यायचं होतं म्हणून आले. आता तसं नाही. आता तिकडं राहायचं आहे मला. पहाटे वर चौथऱ्यावर जाते, तेव्हा ढग खाली असतात, आपण वर. पहिली नोंद माझ्या हातानं होते. खालची सगळी गावं झोपलेली असतात, आणि त्यांचा दिवस कसा जाणार ते मला आधी कळलेलं असतं. पन्नाशीला आलेय, हे काम आत्ता मिळालं. सोडवत नाही.

बाइंडर : म्हणून तर म्हणतो, सही कर.

हवामानबाई : तुम्ही म्हणता आणि फोन ठेवता. मग मी त्या खोलीत बसून विचार करते, या माणसाचं माझ्यावाचून काहीच अडत नाही की काय. तिथं पाणी इतकं गार असतं, आंघोळ दोन मिनिटांत उरकते मी. आणि इथं माझ्या वाटणीचं पाणी वीस मिनिटं वाहतंय. हे मला वहीत सापडायला नको होतं.

बाइंडर : पंधरा म्हणाली होतीस.

हवामानबाई : वीसच. बोला ना. जे वाटतं ते बोला.

बाइंडर : आणि मी बोललो म्हणून पुन्हा पिशवी घेऊन आलीस तर?

हवामानबाई : नाही येणार.

बाइंडर : कशावरून?

हवामानबाई : पेन द्या. पेन्सिल नको, पेन. ती वही द्या खाली धरायला.

बाइंडर : इथं, न्हाणीघरात? कागद ओला होईल.

हवामानबाई : होऊ दे. तारीख काय आज? … ही घ्या. झाली सही. आता तुम्ही काहीही म्हणालात तरी काही बदलणार नाही. आता बोला.

बाइंडर : मग बोलून उपयोग काय?

हवामानबाई : उपयोग काही नाही. मला जाताना बरोबर न्यायचंय.

बाइंडर : पेन दे आधी. टोपण लावतो, शाई वाळेल.

हवामानबाई : अहो.

बाइंडर : नको जाऊस.