आधी बटण, मंग हात

माजं माहेर खालापूरकडलं, डोंगराच्या पायथ्याचं. बापाची भाताची शेती, आमी बहिणी चिखलात वाढलो, आन् लाकूड म्हंजे चुलीत घालायचं, एवढंच मला ठावं. लगीन होऊन दहिवलीला आले आन् बगते तर घरामागं पत्र्याची शेड, नवरा फर्निचरवाला, दारात भुसा, ताटात भुसा, उशीत बी भुसा. सासू म्हणायची, सवय कर गं. केली सवय. काय सांगू तुमाला, आता माहेरी गेले आन् भुशाचा वास नाय आला तर झोप लागत नाय.

आता ह्या टेबलाचा काठ बगा. कापलेला प्लाय असा उघडा ठेवला तर त्याचे थर दिसतात, पाणी लागलं का फुगतो, म्हणून काठाला पट्टी लावायची. पट्टीच्या पाठीला बारीक कणा असतो, तो बसायला फळीच्या काठात मधोमध खाच पाडायची, मंग पट्टी दाबायची आन् रबराच्या हातोडीनं ठोकायची. खाच सैल झाली तर पट्टी सुटते, घट्ट झाली तर प्लाय फाटतो. शेलूला त्या नव्या बिल्डिंगी झाल्यात ना, तिकडची टेबलं, कपाटं आमच्याकडं येतात. पट्टी ठोकायचं काम माजं, खाच पाडायचं ह्यांचं. असं चाललं व्हतं बरं.

खाचेचं मशीन टेबलाखाली उलटं बसवलेलं हाय, वर नुसतं दातेरी पातं दिसतं, रुपयाएवढं. दिसायला बारीक, पण फळी खायला लागलं का असं वरडतं, शेजारचं बोलणं ऐकू येत नाय. मशीनचं सोताचं बटण खाली अडचणीत, तिथं हात पोचत नाय, म्हणून ते कायम चालूच, आन् चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या बटणानं. आता लाइट गेली का माणूस काय करतो? मशीन गप झालं म्हंजे बंद झालं, असं त्याला वाटतं. भिंतीकडं कोण जातो! आमचे हे तर लाइट जायची वाटच बगायचे, म्हणायचे, येरवी भुसा काढायला टाइम कुठं गावतो. पात्याभवती घट्ट बसलेला भुसा बोटानं उकरत बसायचे. आमच्याकडं लाइट गेली का गेली, दुपारची संध्याकाळ व्हते. त्या दिवशी लगेच आली. मी पाठमोरी, हातोडी हातात. ह्यांनी हाक बी नाय मारली. मशीनचा आवाज आला, आन् मोकळं फिरताना येतो तसा नाय आला. एवढंच सांगते.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, तिसरं नावाला हाय. लोक म्हणायला लागले, खंडेनवमीला मशीनला नारळ फोडला नसंल. अरं, फोडला व्हता! झेंडूची माळ घातली व्हती, हळदकुंकू लावलं व्हतं, मशीन दिवसभर बंद ठेवलं व्हतं. देवाचं काय बी चुकलं नव्हतं. बटण बंद नव्हतं, बास. तवापासून हे शेडमधी येत नायत. लाइट जाऊन परत आली आन् हा डोक्यावरचा पंखा फिरायला लागला, का भरल्या ताटावरनं उठून उभे राहतात.

मी म्हणलं, इका ते मशीन, भंगारात घाला. तर आमची सोनल, एकच लेक मला, रसायनीला कंपनीत कंत्राटावर व्हती, कंत्राट संपलं, घरी आली आन् बापाला म्हणते, पप्पा, तुमी माप घ्या, खाच मी पाडते. हात बसला पोरीचा, खोटं कशाला बोलू, बापापरीस सरळ खाच पाडते. पण माजी एक अट. लाइट गेली का आधी भिंतीवरचं बटण, मंग हात. आन् बटण बंद केलं का तिथनं वरडायचं, बंद गं आई. मी चुलीपाशी असले तरी मला ऐकू आलं पायजे. पयले पयले वरडायची. मंग हसायला लागली, आई, तू काय शाळेतली हजेरी घेतेस का. आता तर कानात त्या वायरी घालते, गाणी ऐकते, म्हणते मशीनच्या आवाजाचा तरास व्हतो. भवानी हाय नुसती! हल्ली तिची हाक उशिरा येते. कदी कदी मी इचारलं तरच येते, तवर मी चुलीपासनं उठून दारात आलेली असते.

हे आज शेलूला गेलेत, माप घ्यायला, म्हणून तुमाला एवढं सांगते. त्यांच्या देखत हा इषय काढत नाय मी. चाय घ्या ना, निवली बगा.

गेली. गेली लाइट. पंखा थांबला, शेडमधलं सोनलचं मशीन बी थांबलं. जरा गप बसा, तिची हाक येईल आता.

सोनल! बंद केलंस का गं?

तुमाला आलं का काय ऐकू? मला बी नाय. सोनल! वायरी असतील मेलीच्या कानात. माजी चप्पल कुठं गेली, राहू दे चप्पल. अगं बाई, पंखा फिरला. मशीन बी चालू झालं, ऐका, आपोआप चालू झालं, म्हंजे बटण तसंच व्हतं. सोनल! सोनल गं!

बसा, बसा तुमी. हाय, बरी हाय. नळावर व्हती, पाणी पीत. तहान लागली म्हणे, म्हणून भुसा काढायचा राहिला. दोनी हात बगितले मी तिचे, उलटेपालटे करून, आन् एक थोबाडीत दिली. पोरगी हसतीय, म्हणते, आई, झालं का काय मला? नाय झालं. आज नाय झालं. फळी लावली बगा तिनं परत, ऐका आवाज. आता ह्या वयात देवाकडं मी काय मागू? लाइट गेली का माज्या लेकीला तहान लागू दे बाबा, दरवेळी लागू दे.