मामीनं झाकलेला पूर

विम्याचं निघालंच आहे, तर आमच्या मामीचं ऐका. पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. मी नागपुरात विम्याच्या हापिसात नवाच होतो. उमरेडकडच्या मामाच्या मागं लागून त्याच्या नदीकाठच्या मातीच्या घराचा पुराचा विमा उतरवला. पुढच्याच पावसाळ्यात नदी घरात शिरली आणि मागची भिंत अर्धी खचली. मी निरोप धाडला, "मंगळवारी सायेब नुकसान पाहाले येऊन राहिले."

साहेबांना घेऊन पोचलो, तर दारात रांगोळी! अंगण सारवलेलं, भिंती पोतारलेल्या, आणि त्या खचलेल्या भिंतीवर नवीकोरी सतरंजी टांगलेली.

साहेब म्हणाले, "नुकसान कुठाय?"

मी सतरंजीला हात घातला, तर मामीनं तो झटकला. "पाहुण्यापुढं घराची लाज काढतं काय गा?"

मामानं कपाळाला हात लावला. मामीनं साहेबांना पाटावर बसवून पोटभर पाटोडी-रस्सा वाढला. हात धुतल्यावर साहेब बिचारे काकुळतीला आले. "आई, आता तरी भिंत दाखवा. नाहीतर विमा मिळणार कसा?"

"चूक तुमचीच हाय, सायेब," मामी म्हणाली. "पुढच्या पुरात न सांगता येजा. मंग दाखवतो."