फुलवालीचा पुतळा

चहा राहू दे, आधी हे ऐक. आमच्या डिचोलीच्या बाजारात नवा चौक केला ना, तिथे पालिकेने फुलवालीचा पुतळा बसवलाय. नमुना कोण? आमची शेवंती मावशी! ती वर्षानुवर्षं त्याच जागेवर अबोलीच्या फाती, म्हणजे माळा, विकते. शिल्पकाराने तिचे फोटो काढले. लुगडं, पाटी, माळ धरलेला हात, सगळं हुबेहूब उतरवलं. आणि उद्घाटनाच्या सकाळी पालिकेचा इन्स्पेक्टर तिलाच म्हणतो, "मावशी, उठा. इथे बसलात तर चौकाची शोभा जाते."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, शोभा म्हणून तिलाच उभी केलीय ना तुम्ही?"

"तो पुतळा आहे," म्हणाला. जराही लाज नाही मेल्याला!

मावशी पाटी उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली, सगळ्या फाती पुतळ्याच्या हातावर टांगल्या आणि स्वतः बाजूला उभी राहिली. गिऱ्हाइकं जमली. इन्स्पेक्टर धावत आला, "मावशी, पुन्हा विकायला सुरुवात?"

"मी खंय इकतंय?" मावशी पुतळ्याकडे बोट दाखवत कडाडली. "इकता ती. आदी तिका उठव!"