असाच दुसरा काढून आण

तुमी फोटो क्लबांच्या नियमांवर हसताय म्हणून सांगतो, आमच्या तासगावात काय झालं ते ऐका.

आमच्या दत्तानं बेदाण्याच्या शेडवर वडलांचा, म्हंजे अण्णांचा, फोटो काढलेला. जाळीला टेकून उभं राहिल्यात आणि तोंडावर तिरपं ऊन. लय जिवंत फोटो. अण्णा रोज विचारायचे, "कवा हाय रं तुमच्या क्लबाची स्पर्धा? माझा नंबर येतोय का बघू."

स्पर्धेच्या आधीच अण्णा गेले. घरात दुसरा धड फोटो न्हवता, म्हणून भावकीनं त्योच भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर घातला आणि चौकात लावला.

पुढं दत्ता त्यो फोटो घेऊन क्लबात गेला. मी संगट होतो. अध्यक्ष सरांनी फोटो बघितला आणि बाजूला ठेवला. "आधी कुठं लोकांपुढं आलेला फोटो चालत नाही. नियम आहे. हा तर चौकात सगळ्या गावानं पाहिलाय."

मी म्हणालो, "आवं सर, श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्यो. ते काय प्रदर्शन हाय व्हय?"

"गावानं पाहिला की नाही? मी स्वतः तिथं थांबून हात जोडलेत."

मग सरांनाच कसंतरी वाटलं. दत्ताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाराज होऊ नको. अजून मुदत आहे. असाच दुसरा काढून आण."

दत्तानं फोटो पिशवीत घातला. म्हणाला, "बघतो सर. अण्णा येत्यात का इचारतो."