बिनएसीची कचेरी

तुमी हसान, पण आपणच बांधलेली कचेरी पाहाले मी मे महिन्याच्या भर उन्हात एसटीनं गेलो होतो. अकोटकडची ती सरकारी कचेरी, नकाशा माझ्या हातचा. एसी नको म्हणून साहेबांशी भांडून मी जाड भिंती, मधात चौक अन् चहूकडून ओसरी काढली होती. आता गार राहते का नाही, ते पाहाचं होतं. राहत होती!

ओसरीतल्या बाकावर एक म्हातारे बाबाजी एकटेच बसले होते. मी इचारलं, "बाबाजी, काय काम अडलं?"

"काम कायचं? घरावर टिनं हायेत, भट्टी होते. इथं गार लागते. आन चार माणसं दिसतात."

मले लय बरं वाटलं. हे मीच बांधलं, असं सांगणार, तेवढ्यात त्यायनंच इचारलं, "तुमचं काय काम हाये?"

"काही नाही. असाच आलो."

माझ्याकडे जरा वेळ पाहून बाबाजी बाकावर सरकले. "मंग बसा. तुमच्या बी घरी कोणी नसन."

बायको गेल्याचं मी तर बोललोच नव्हतो. कचेरी बंद होईस्तोवर आमी दोघं तिथंच बसून होतो.