आत्याबाईंना चालेल असा पिक्चर

लंकाबाई : रडायचा पाहिजे म्हनतीस, पन किती रडायचा? पदर भिजंस्तवर, का नुसतं नाक वढण्यापुरता?

भारती : पदर भिजेपर्यंत. पण रडून झाल्यावर मन मऊ झालं पाहिजे, लंकाताई. नुसतं रडून डोकं दुखायला लागलं तर घरी जाऊन माझ्यावरच निघेल.

लंकाबाई : हळू बोल, आत पिक्चर चालू हाय. आन् जरा पडद्याआड सरक. मॅनेजरनं बघितलं तर म्हनंल, लेडीजच्या दारात लंकाबाईनं पानाची टपरी उघडलीय. कुनासाठी पाहिजे? तुज्या सासूसाठी?

भारती : आत्याबाईंसाठीच. चाळीत सगळ्या म्हणतात, पिक्चर बघायचा तर आधी लंकाताईला विचारा.

लंकाबाई : बरूबर म्हनत्यात. नऊ वर्सं झाली ह्या दारात तिकिटं फाडतीया. शेवगावात कुनाला काय मानवतं ते मला इचार. ती डॉक्टरीणबाई हाय ना, मऊ बोलनारी? तिला मारामारीचा लागतो. पाच-पंचवीस मुडदे पडल्याबिगर तिचं प्वाट भरत न्हाई. आन् ते तालमीतले वस्ताद, ते बहीण-भावाचा आला की आदी बाल्कनी धरत्यात, आंधारात रडता येतं म्हनून.

भारती : म्हणून तर यादीच करून आणलीय. हा बघ कागद.

लंकाबाई : यादी? किराना भरायचाय का?

भारती : ऐक तर. एक, देवाचा चमत्कार नको. मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं की आत्याबाई चप्पल शोधायला लागतात. मागे तर उठून म्हणाल्या, 'आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, आम्हाला हे दाखवू नका.' अख्खी रांग वळून बघत होती.

लंकाबाई : मला काय सांगतीस? बॅटरी मारून मीच बसवलं त्यांना. बरं, निम्मे पिक्चर गेले. म्होरं?

भारती : दोन, हिंदी नको. दर वाक्याला 'काय म्हनला गं तो?' असं विचारतात. मी सांगेपर्यंत तो मेलेला असतो.

लंकाबाई : ऱ्हायले निम्म्याचे निम्मे.

भारती : तीन, डोंगरावर नाचणारी बाई नको. 'हिच्या घरची भांडी कोन घासतं?' म्हणून मलाच विचारतात. चार, गाणी कमी. गाणं लागलं की झोपतात आणि घोरतात.

लंकाबाई : म्हाईत हाय की. दिवाळीत आपरेटर वरनं पळत खाली आला हुता, मशीन बिघडली म्हनून.

भारती : पाच, आणि हे मुख्य. सासू वाईट नको. वाईट सासू दिसली की त्यांना वाटतं, मी मुद्दाम आणलंय.

लंकाबाई : आन् तू मुद्दामच आननार हायेस.

भारती : मुद्दामच. पण चांगल्या सासूचा.

लंकाबाई : आता खरं बोल, भवाने. दोन वर्सांत सासूला कदी भेळ चारली न्हाईस, आन् आज पिक्चर दावायला निगालीस. भानगड काय हाय?

भारती : नगरहून पत्र आलंय. नर्सच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागलाय. दीड वर्षाचं आहे, हॉस्टेलवर राहायचं. येत्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर माझी जागा दुसरीला.

लंकाबाई : अगं बया! आन् हे तू आता सांगतीस? पेढे कुटं हायेत?

भारती : पेढे कसले! ह्यांना विचारलं, तर म्हणाले आईला विचार. आत्याबाईंना विचारलं, तर म्हणाल्या 'बघू'. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

लंकाबाई : चेतन असा बोलला? मार्केट यार्डात टेंपो आडवा लावून साऱ्या हमालांशी भांडतो की तो.

भारती : तो यार्डात. घरी आई नुसती खाकरली की हे जागच्या जागी उभे.

लंकाबाई : मग पुन्यांदा इचार. तोंड हाय का न्हाई तुला?

भारती : दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं आणि तोंडावर 'नाही' म्हणाल्या, तर संपलंच. तो शब्द मग त्या मागे घेत नाहीत. पण पिक्चरचं त्यांना लागतं गं. दारुड्याचा बघून आल्या आणि दुसऱ्या दिवशी मामंजींची बाटली उकिरड्यावर होती. बैलाचा बघितला तेव्हा आठवडाभर शेजाऱ्यांच्या बैलाला भाकरी घालत होत्या. शेवटी शेजारी भांडायला आला, बैल घरचा कडबा खाईना म्हणून. मला त्या बैलाएवढी माया मिळाली तरी पुरे.

लंकाबाई : थांब, थांब. हाय. तुजा पिक्चर हितंच चालू हाय, आत्ता ह्या पडद्यामागं.

भारती : हा? ह्यात काय आहे?

लंकाबाई : आगं सून हाय, तुज्यावानीच बारकुडी. तिला नर्स व्हायचंय. रात्रीची चिमनीवर चोरून वाचती. सासूला घावती. सासू पुस्तक हिसकून घेती. मला वाटलं आता चुलीत घालतीया, पन न्हाई! उलटं धरून बघती, मंग सरळ धरती, आन् चिमनीची वात मोठी करती. बाया अशा रडत्यात म्हनतीस! दुसऱ्या दिवशी सोता तिची पेटी डोक्यावर घिऊन एस्टीवर पोचवायला जाती. भाकरी बांधून देती. एस्टी हालल्यावर धुरळ्यात उभी ऱ्हाती. मी रोज बघते आन् रोज रडते.

भारती : आई गं! हाच. देव आहे का?

लंकाबाई : दिसला न्हाई. गानं एकच, ते बी एस्टीतलं. डोंगर हाय पन लांब हाय, कोन नाचत न्हाई त्यावर.

भारती : सासू आधीपासून चांगली, का आधी वाईट?

लंकाबाई : सुरवातीचं मला इचारू नको. तवा मी दारात, तिकिटं फाडायची, बॅटरी दावायची, पोरं मुतायला धाडायची.

भारती : आणि शेवट? गोड आहे ना?

लंकाबाई : गोडच असनार की. बाया डोळे पुसत भायेर येत्यात. आज मंगळवार हाय. शुक्रवारी पिक्चर बदलतो. गुरवारी तीनच्या खेळाला आन. पंख्याखालची जागा धरून ठिवते.

(गुरुवार. तीनचा खेळ सुटला आहे. टॉकीजचं सायकल स्टँड.)

भारती : लंकाताई! इकडे बघ. तो सायकलचा बिल्ला ठेव खाली आणि माझ्याकडे बघ.

लंकाबाई : आगं बिल्ला घेतल्याबिगर सायकली कशा सोडू? काय झालं? रडल्या का मावशी?

भारती : इंटरवलपर्यंत रडल्या. पदर काय, माझा रुमालसुद्धा भिजवला. एस्टी हलली तेव्हा माझा हात धरला त्यांनी. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, झालं काम.

लंकाबाई : मग? मी म्हनलं न्हवतं?

भारती : मग शेवट लागला! तिकडे सून नर्स झाली, इकडे तिचा नवरा वाया गेला, पोरगं तापाने फणफणलं. सगळं गाव म्हणालं, आई घरात नसल्यावर असंच होणार. मग ती आली, डोक्यावरची पांढरी टोपी काढली, सासूच्या पायांवर ठेवली आणि म्हणाली, 'माझं चुकलं, माझी जागा चुलीपाशी.' सासूने डोक्यावरून हात फिरवला. संपला!

लंकाबाई : अगं बाबौ! असा हाय का त्यो शेवट?

भारती : 'असा हाय का' म्हणजे? तू रोज बघतेस ना?

लंकाबाई : मधलं बघते. शेवटाची धा-पंधरा मिन्टं मी हितं, सायकल स्टँडवर. पब्लिक सुटायच्या आदी उभं ऱ्हावं लागतं, न्हाईतर एकाची सायकल दुसरा नेतो.

भारती : म्हणजे नऊ वर्षांत...

लंकाबाई : एकाचा बी शेवट बघितला न्हाई. सुरवात बी न्हाई. पन मधलं मला कुनी बी इचारू दे, चुकनार न्हाई.

भारती : आणि अख्खं शेवगाव तुला विचारून पिक्चरला येतं!

लंकाबाई : बाया डोळे पुसत येत हुत्या गं. मला काय म्हाईत त्या कशापायी रडत हुत्या? आता मावशी कुटं हायेत?

भारती : आतच बसल्यात. लाईट लागले, झाडूवाला आला, तरी उठायला तयार नाहीत. मी हाक मारली तर म्हणाल्या, 'तू हो म्होरं.' आता घरी जाऊन एकच वाक्य बोलणार, 'बघितलंस ना शेवटी काय होतं?' माझ्या पैशाने माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला मी.

लंकाबाई : गप, गप. आल्या बघ. तोंड लई लाल दिसतंय.

भागिरथी : लंके, हितला मॅनेजर कोन हाय?

लंकाबाई : कशाला, मावशी? जागा पंख्याखाली न्हवती का?

भागिरथी : पंखा ऱ्हाऊ दे. ह्यो शेवट कुनी केला ते मला त्याला इचारायचंय.

लंकाबाई : ते हितं करत न्हाईत, मावशी. रिळांच्या पेटीतनं तसाच येतो.

भागिरथी : आसा कसा येतो? त्या सासूला लाज न्हाई? सोता पेटी डोक्यावर घिऊन गेलती ना? भाकरी बांधून दिलती ना? मग पोरीनं टोपी काढली तवा पलंगावर बसून डोक्यावर हात काय फिरवती! उचलून परत घालायची हुती टोपी. पोराला ताप आला तर नर्स घरात हाय म्हनून बरंच झालं की. आन् नवरा वाया गेला त्यात तिचं काय? पायतान काढायचं हुतं त्याच्यासाठी.

भारती : आत्याबाई, हळू. लोक बघतायत. पिक्चर आहे तो.

भागिरथी : बघू दे. आन् तू लई शानी हायेस. तुला काय वाटलं, मला कळंना? इंटरवलला वडा आनलास, सोडा आनलास. तू दोन वर्सं झाली घरात हायेस, कदी मला शेंगदान्याची पुडी दिली न्हाईस.

भारती : तसं काही नाही, आत्याबाई. सहज आणलं तुम्हाला.

भागिरथी : सहज? मग ह्यो कागद काय हाय? वडा गुंडाळायला कागद हुडकत हुते, तुज्या पिशवीत घावला. 'देव नको. हिंदी नको. डों-ग-रा-व-र नाच नको.' आन् हे चौथं काय लिवलंय? 'घो-र-ता-त.'

लंकाबाई : मी जरा सायकलींकडं बघते.

भागिरथी : उभी ऱ्हा हितंच. मी घोरते?

लंकाबाई : न्हाई, मावशी. मशीन बिघडली हुती.

भारती : आत्याबाई... तुम्हाला वाचता येतं?

भागिरथी : तिसरीपत्तोर.

भारती : कधी बोलला नाहीत. पत्र आलं तेव्हासुद्धा मी तुम्हाला वाचून दाखवलं.

भागिरथी : तू झोपल्यावर मी पुन्यांदा वाचलं. छप्पन साली आमी धम्म घेतला तवा आमच्या वस्तीवर सांजची शाळा निगाली. मी धा वर्सांची. माझ्या बानं शेवगावच्या बाजारातनं पाटी आनली, लाकडी चौकटीची. तिसरीत गेले आन् लगीन झालं. पाटी संगं घिऊन आले. सासू म्हनली, बरं झालं. तिनं ती पान्याच्या माठावर झाकन म्हनून ठिवली.

लंकाबाई : पाटी?

भागिरथी : सात-आट वर्सं हुती तिथं. पानी घ्यायला रोज ती उचलायची आन् परत ठिवायची. घरातल्या समद्यांना पानी द्यायचं. लई वाईट वाटायचं. बोलनार कुनाला? आन् मी सासूला वाईट म्हनत न्हाई, तिला झाकन पाहिजे हुतं.

भारती : मग मी पत्र दाखवलं तेव्हा 'बघू' का म्हणालात, आत्याबाई?

भागिरथी : भ्याव वाटलं. तू गेलीस तर घर कसं वाटंल, आन् शिकून आलीस तर माज्याशी बोलशील का, ह्याचं. आज त्या बाईला पलंगावर बसल्याली बघितली आन् आंगावर काटा आला. म्हनलं, ही मीच हाय. पाटी माठावर ठिवायला बसलीय.

भारती : आत्याबाई...

भागिरथी : रडू नको. तुजा रुमाल मी भिजवलाय. कदी जायचंय?

भारती : सोमवारी.

भागिरथी : सकाळची साडेसाताची एस्टी हाय नगरला. मी येते पोचवायला. पेटी डोक्यावर घेनार न्हाई, कंबर दुकती माजी. ती तूच घे. आन् एक ध्यानात ठेव. सुट्टीला येशील तवा टोपी घालून ये. गल्लीतनं तशीच चालत ये. दारात काढलीस तर आत घेनार न्हाई.

लंकाबाई : मावशी, मी बी येते एस्टीवर. मला एक तरी शेवट बघू द्या.

भागिरथी : ह्यो शेवट न्हाई, लंके. तिकिटं फाडायचं काम चाललंय आजून. बरं, आता मला एक पिक्चर सांग.

लंकाबाई : तुमास्नी? कसला?

भागिरथी : चेतनला दावायला. देव असला तरी चालंल, नाच असला तरी चालंल, हिंदी बी चालंल. पन नवरा खाली बसून भाकरी थापतोय, असा पाहिजे. चांगला दीड वर्स थापतोय, असा.

लंकाबाई : नऊ वर्सांत मधी तर कंच्याच पिक्चरात आसं आलं न्हाई, मावशी.

भागिरथी : सुरवातीला? न्हाईतर शेवटाला?

लंकाबाई : ते मी बघितलं न्हाई.

भागिरथी : ऱ्हाऊ दे मग. घरीच दावते त्याला.