हात लागला की चाल

धाकटी : हत्तीला हात लागलाय तुझा, दादा. आता हत्तीच चालवायचा.

दादा : अगं, मला उंट उचलायचा होता. बोट थरथरलं, हत्तीला लागलं. दिसलं नाही?

धाकटी : दिसलं की. म्हणूनच म्हणतेय. हात लागला की चाल. नियम कुणाचा? लहानपणी मी रडून घर डोक्यावर घ्यायचे, तरी सोडायचा नाहीस.

दादा : तेव्हा हात धड होता. या आजारपणानं माझ्यासारख्या शिंप्याच्या हातातली कात्री सुटली, आणि तू नियम सांगतेस! घरात सगळे मला पाणीसुद्धा अर्धा पेला देतात, सांडेल म्हणून.

धाकटी : मी भरून दिलाय. चाल.

दादा : बुद्धिबळातला हा तुझा सिसिलियन बचाव! नाव बचावाचं, काम सगळं मारामारीचं. उद्या दुकान विकून मोकळा होतो, मग बस एकटीच खेळत.

धाकटी : दुकानाचं नंतर. आधी हत्ती.

(सोंगटी पटावर आपटल्याचा आवाज.)

दादा : मारला तुझा घोडा.

धाकटी : घोड्यासाठी अख्खा हत्ती? घेतला बघ प्याद्यानं.

दादा : घेतलास ना? आता राजापुढची भिंत फुटली बघ. आला माझा वजीर.

धाकटी : थांब... हा माझा हत्ती बाजूला. राजाला पळायला वाट.

दादा : पळ. हा शह... आणि ही मात.

धाकटी : अरे देवा.

दादा : खरं सांग. तुझ्या वहिनीनं तुला हरून ये म्हटलं होतं ना?

धाकटी : म्हटलं होतं.

दादा : वाटलंच मला. सगळे मिळून माझी कीव करताय.

धाकटी : कीव? हरायचं असतं तर उंट उचलू दिला नसता? हत्ती हलला की तुझा राजा उघडा पडेल, म्हणून अडून बसले होते. डाव माझ्यावरच उलटला.

दादा : डोळे लाल झालेत तुझे.

धाकटी : हरले की होतात. तुला ठाऊक आहे.

दादा : होतात खरे. अगदी तसेच.

धाकटी : पिशवीत कोटाचं कापड आहे. तूच शिवशील म्हणून ठेवलं होतं.

दादा : हात थरथरतो गं. कात्री वाकडी गेली तर?

धाकटी : जाऊ दे. पण कापडाला हात लागला, की तूच कापायचं.